‘हायड्रोपोनिक’ हे वाणाचे नाव नव्हे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या प्रवाशांकडे ‘हायड्रोपोनिक गांजा’ सापडल्याच्या बातम्या वरचेवर येतात आणि त्यांत हा शब्द जणू एखाद्या वाणाचे नाव असावे तसा छापला जातो. वस्तुतः मातीविना, पोषक द्रावणावर पीक घेण्याची ती नुसती पद्धत आहे. गांजासाठी ती बहुधा बंदिस्त खोलीत वापरतात. मात्र वनस्पती-पैदास हा विषय अनेक वर्षे शिकवल्यामुळे हेही सांगितले पाहिजे की, अशा खोलीतील लागवडीने गांजाचे वाणच पालटून टाकले आहेत.

कॅलिफोर्नियात १९८३ पासून हेलिकॉप्टरमधून गांजाची शेते हुडकण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा अनेकांनी पीक घरात, दिव्यांखाली नेले. त्याच दशकात नेदरलँड्समध्ये बियाण्याचा व्यापार उभा राहिला. खोलीला छत असते आणि विजेचे बिल दरमहा येते, त्यामुळे पैदाशीसाठी कोणते झाड ठेवायचे हे या दोहोंनीच ठरवले. थायलंडकडचे उंच, फुलोरा पक्व व्हायला तीन-चार महिने घेणारे वाण मागे पडले आणि अफगाणिस्तानातील बुटक्या, रुंद पानांच्या, सुमारे आठ आठवड्यांत तयार होणाऱ्या झाडांचे रक्त बहुतेक संकरांत शिरले. शेवंतीप्रमाणे हे झाडही रात्र मोठी झाली की फुलावर येते. खोलीत दिवे बारा तासांवर आणले की तेवढ्याने भागते, म्हणून आपापल्या मुलखाच्या ऋतुमानाशी जुळलेला फुलण्याचा काळ हा पिढ्यान्‌पिढ्या घडलेला गुण तेथे कोणी पारखलाच नाही.

वारा, पाऊस आणि दव सोसण्याच्या ताकदीचेही तेच झाले. त्यातच एका निवडक मादी झाडाच्या छाटकलमांवर सगळी लागवड होत असल्याने मूळ झाडाचा रोग प्रत्येक रोपात उतरतो; बिअरमध्ये वापरल्या जाणाऱ्या हॉप या पिकातील एक व्हायरॉइड (विषाणूहूनही सूक्ष्म रोगकारक) अमेरिकेतील गांजात अशाच कलमांवाटे पसरला. अमेरिकेत जप्त झालेल्या नमुन्यांतील टीएचसी, म्हणजे नशा आणणारे द्रव्य, १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होते, ते २०१४ पर्यंत १२ टक्क्यांच्या आसपास गेले. याचे सगळे श्रेय, किंवा अपश्रेय, खोलीला देता येणार नाही, कारण बी धरू नये आणि फुलोरा अधिक मादक व्हावा म्हणून नर झाडे काढून टाकण्याची युक्ती आपलीच आहे: बंगालमधील नौगाव भागात हे काम करणाऱ्या ‘पोद्दार’ मंडळींची नोंद गांजा-भांगेची चौकशी करणाऱ्या १८९३-९४ च्या ब्रिटिशकालीन हेम्प ड्रग्ज कमिशनने केलेली आहे.

उत्तराखंडात औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवाने मिळू लागले आहेत. ते पीक उघड्या रानात, धाग्यासाठी आणि बियांसाठी घ्यायचे असून त्यात टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत राहणे बंधनकारक आहे. त्यासाठी डोंगरातील देशी वाणांतूनच निवड करावी लागेल, खोलीत घडलेले संकर तेथे कामाचे नाहीत. बातमीत ‘बंदिस्त लागवडीचा गांजा’ असे छापल्यास पद्धत आणि वाण यांची गल्लत टळेल, एवढी विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कृषी-अध्यापक, राहुरी