जमिनीखालच्या उष्णतेला काय भाव?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केंद्राचं भूऔष्णिक ऊर्जा धोरण सप्टेंबर 2025 मध्ये आलं, तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय: जमिनीखालच्या उष्णतेपासून ही वीज खरंच निघाली, तर पंचवीस वर्षं आपण ती कोणत्या दरानं घेणार? बडोदेकरांनी हे विचारायलाच हवं. राज्यासाठी वीज खरेदी करणाऱ्या गुजरात ऊर्जा विकास निगमाचं मुख्यालय आपल्याच रेसकोर्सवर आहे.

सौर विजेत आपण एकदा पोळलोय. राज्याच्या वीज नियामक आयोगाच्या 2010 च्या आदेशात पहिली 12 वर्षं युनिटला 15 रुपये, पुढची 13 वर्षं 5 रुपये. डिसेंबर 2020 मध्ये याच निगमाच्या लिलावात दर 1 रुपया 99 पैशांवर आला, आणि जुन्या प्रकल्पांचे 15 रुपये चालूच होते. निगमानं दर कमी करून मागितला होता, पण 2013 मध्ये आयोगानं मागणी फेटाळली. बरोबरच होतं म्हणा, करार तो करार.

म्हणून आता ‘सौर दोन रुपयांत मिळते, तुम्हीही तेवढ्यातच द्या’ असं म्हणायचं का? गोध्र्याजवळच्या तुव्याच्या गरम पाण्याच्या कुंडात भल्या पहाटेही हात बुडवताना विचार करावा लागतो. ती उष्णता रात्री झोपत नाही. दिवेलागणीच्या युनिटला दुपारच्या युनिटचा भाव कसा लावणार?

खरी अडचण विहिरीची. आमच्या सोसायटीत बोअर मारला तेव्हा ठेकेदाराचा हिशेब फुटावर होता, पाणी लागो न लागो. लागलं ते खारट, कपडे धुवायलाही नको असं. पैसे मात्र पूर्ण मोजले. भूऔष्णिक विहीर त्याहून कितीतरी खोल, आणि एक युनिट निघण्याआधीच मोठा खर्च होऊन गेलेला. विहीर फुकट जाण्याची ही भीती कंपनी दरात घालणार आणि पंचवीस वर्षं ती आपल्या बिलात येणार. केनियात मेनेंगाईला सरकारी कंपनी विहिरी खोदते, खासगी कंपन्या तिच्याकडून वाफ घेऊन वीज करतात. लडाखमध्ये पुगाला ओएनजीसीनं खोदकाम केलंच आहे. मग आधी विहीर सरकारनं पारखावी, लिलाव नंतर करावा.

आणखी एक. कॅलिफोर्नियातल्या गीझर्स या भूऔष्णिक क्षेत्रात उपसा वाढला तसा वाफेचा दाब उतरला. शेवटी शहरांचं सांडपाणी शुद्ध करून, पाइपानं डोंगरावर नेऊन जमिनीच्या पोटात सोडावं लागलं. असं पाणी कोणी आणायचं आणि कोणाच्या खर्चानं, ही ओळ करारात पहिल्या दिवसापासून हवी.

– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे