गडावर गेलेल्या माणसाकडे ओटीपी मागू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळी भटकंतीवर पानभर मजकूर आला होता. बूट कसे असावेत, निसरड्या कातळावर पाय कसा टाकावा, पाणी किती न्यावं, हे सगळं नीट सांगितलं होतं. पण त्यातल्याच एका चौकटीत कुठल्या गडावर मोबाईलला रेंज मिळते, लॅपटॉप कशात गुंडाळून न्यावा आणि मीटिंग असेल तर कुठे बसावं, असाही सल्ला होता. हा सल्ला आपण पुन्हा छापू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब आणि डिस्पॅच सांभाळतो. आमचा आठ-दहा जणांचा गट सवड मिळेल तसा सह्याद्रीत जातो. पुण्याच्या माणसाला डोंगर म्हणजे सकाळी जाऊन दुपारी परत येण्याची गोष्ट असेल. आम्हा सोलापूरकरांचं तसं नाही. इथून नुसतं पुणंच अडीचशे किलोमीटर. शनिवारी काम आटोपून रात्री गाडीत बसायचं, पहाटे गडाच्या पायथ्याला उतरायचं, दिवसभर चालायचं आणि पुन्हा रात्रभर प्रवास करून सोमवारी कामावर हजर व्हायचं. दोन रात्रींची झोप मोडून जो एक दिवस मिळतो, तो फार महागाचा असतो. घरचे कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून देतात, मुलं ‘पुढच्या वेळी आम्हाला न्या’ म्हणतात. अशा दिवसात ऑफिसने डोकावणं मला सहन होत नाही.

आणि ते डोकावतं कसं, हे डोंगर चढणाऱ्यालाच ठाऊक. आम्ही राजगडाला गुंजवण्याच्या बाजूने चढतो. खालच्या झाडीत रेंज जाते-येते. तासाभरात श्वास लागतो, बोलणं कमी होतं, आठवड्याचा शीण उतरायला लागतो. मग माथा जवळ आला की समोर आडोसा राहत नाही, दूरच्या टॉवरशी मोबाईलची थेट नजरानजर होते आणि अडकून पडलेले सगळे मेसेज एकदम खिशात वाजायला लागतात. माणूस पद्मावती माचीवर पोहोचतो, तलावाच्या काठाशी येतो आणि वर न बघता आधी स्क्रीन बघतो. पश्चिमेला तोरणा उभा असतो, धारेच्या वाटेने राजगडाला जोडलेला. तो दिसतच नाही त्याला.

गेल्या पावसाळ्यात चोर दरवाज्याच्या खाली आमच्यातल्या एका जाणत्या माणसाला फोन आला. ही चढण ज्यांनी केली असेल त्यांना ती जागा कळेल. कातळात खोदलेल्या पायऱ्या, आधाराला रेलिंग, रविवारची गर्दी, मागे लहान पोरं घेऊन चढणारी कुटुंबं. कारखान्याच्या दारात माल भरलेली गाडी उभी होती, मालवाहतुकीसाठी लागणारं ऑनलाइन ई-वे बिल काढायचं होतं आणि त्याचा ओटीपी याच्या मोबाईलवर आला होता. एका हातात रेलिंग, दुसऱ्या हातात फोन, ओल्या पायरीवर उभा राहून तो सहा आकडे वाचून दाखवत होता. आवाज तुटत होता म्हणून पुन्हा पुन्हा वाचत होता. मागची सगळी रांग थांबली होती. पाय घसरला असता तर तो एकटाच खाली गेला नसता. टॉवेलांची ती गाडी दोन तास उशिरा निघाली असती तर कुणाचं काय अडलं असतं, हे मला आजही कळत नाही. त्याच्या मालकांना तो कुठे उभा आहे हे माहीत नव्हतं, हे मान्य. पण तो सुट्टीवर आहे हे तर माहीत होतं.

यावर उपाय आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. ई-वे बिलाच्या पोर्टलवर सब-युजर तयार करता येतो. त्याचा आयडी वेगळा, मोबाईल नंबर वेगळा, ओटीपी त्याच्याच फोनवर. हे काम करायला जेमतेम चहा पिण्याएवढा वेळ लागतो. तरी कित्येक कारखान्यांत सगळं एकाच माणसाच्या फोनला बांधून ठेवलेलं असतं आणि तो माणूस आजारी पडो, लग्नाला जावो की गडावर जावो, त्याला गाठलं जातं. शनिवारी निघताना मी एका कागदावर लिहून ठेवतो: कुठल्या पार्टीचा माल कुठे आहे, कुणाचं पेमेंट यायचंय, कोणती फाईल कुठल्या कपाटात. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला तो कागद वाचून दाखवतो. त्याच्या सुट्टीत तो मला असाच कागद देतो. आमचं काम आजवर कधी अडलेलं नाही.

माझे वडील गिरणीत मागावर होते. 1877 साली इथे जुनी गिरणी सुरू झाली, मग बाकीच्या आल्या आणि पुढे हे शहर भोंग्यावर चालायला लागलं. त्या कामाचे मी गोडवे गाणार नाही. कानाला दडे बसायचे, छातीत कापूस जायचा. पण पाळी सुटल्याचा भोंगा झाला की मुकादम वडिलांच्या मागे घरापर्यंत येत नसे. माग गिरणीत राहायचा आणि वडील घरी यायचे, भजनाला जायचे, आम्हाला गड्ड्याच्या जत्रेत न्यायचे. आमच्या पिढीच्या नोकरीत पंखे आले, खुर्च्या आल्या, पण सुटल्याचा भोंगा कुणी वाजवत नाही.

रविवारची सुट्टीसुद्धा कुणी आपणहून दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी 1884 मध्ये ही मागणी लावून धरली, तेव्हा कुठे 10 जून 1890 रोजी ती मान्य झाली. 1948 च्या कारखाने अधिनियमात साप्ताहिक सुट्टीचं स्वतंत्र कलम होतं, दुकानं-कार्यालयांसाठी राज्याने 2017 मध्ये केलेल्या कायद्यातही ती आहे. पण सुट्टीच्या दिवशी आलेल्या फोनचं काय करायचं, हे त्यात नाही. फ्रान्सने 2017 पासून आणि ऑस्ट्रेलियाने 2024 पासून कामाच्या वेळेनंतर संपर्क नाकारण्याचा हक्क कायद्याने दिला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये याच विषयावरचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. राजगड आणि तोरणा त्यांच्याच बारामती मतदारसंघात येतात. कायदा व्हायचा तेव्हा होईल. त्याची वाट बघत बसण्याची गरज नाही, कारण हे प्रत्येक मालकाला आजच्या आज करता येण्यासारखं आहे.

ज्यांना फोन लागलाच पाहिजे अशी माणसं असतात. दवाखान्यातले डॉक्टर, विजेच्या तारांवर काम करणारे, उजनीची जलवाहिनी फुटली तर धावणारे. त्यांच्या पाळ्या लावलेल्या असतात आणि ज्याची पाळी असते तो गडावर येत नाही. ओटीपी, एक्सेल शीट आणि ‘जरा बघून सांगा’ यांना ती तातडी लावता येणार नाही.

आमच्या गटात पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करणारा तरुण आहे. संजीवनी माचीवर दुहेरी तटबंदीच्या मधल्या चिंचोळ्या वाटेने आम्ही उतरत होतो. तीन बाजूंना दरी, ढग खालून वर येत होते. तो मात्र ‘संध्याकाळी सहाला लॉगिन आहे’ म्हणून घड्याळ बघत होता. मला त्याचा राग आला नाही, वाईट वाटलं. पंचविशीतलं पोर आहे. त्याला कुणी सांगितलेलंच नाही की नाही म्हणता येतं.

फोन घरी ठेवा, असं मी म्हणत नाही. डोंगरात तो जवळ हवाच. रेंज कमी असली की मोबाईल टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी भराभर उतरते. म्हणून पायथ्याच्या गावातच तो फ्लाइट मोडवर टाकावा आणि सॅकमध्ये कोरड्या पिशवीत ठेवावा. वेळ आली तर 112 लावायला त्यात जीव शिल्लक हवा. गटात एकाचा फोन चालू असला की पुरे, घरच्यांना तो नंबर देऊन ठेवावा. ऑफिसला तो देऊ नये. सोलापुरातून सहली नेणाऱ्या मंडळींनी हे निघण्याआधीच सगळ्यांना सांगावं.

आणि एक. गडावर ताक-सरबत विकणाऱ्या बायका पायथ्याच्या गावातून ओझं घेऊन चढतात. आपली सुट्टी हा त्यांचा कामाचा दिवस. फोनवर बोलत बोलत, त्यांच्याकडे न बघता पैसे पुढे करणारी माणसं मी पाहिली आहेत. निदान त्यांच्याशी दोन शब्द बोलावेत.

आपल्या पुरवणीचं पुढचं पान येईल, तेव्हा त्या चौकटीच्या जागी सुट्टीवर जाण्याआधी काम कसं सोपवून जावं, याची चौकट छापाल का? हवा असल्यास माझ्या त्या कागदाचा नमुना मी पाठवायला तयार आहे. नोकरीचा प्रश्न असल्याने माझं नाव छापू नये.

आपला,
एक हिशेबनीस, सोलापूर