‘अ‍ॅल्युमिनियमसाठी’ म्हणून विकलेल्या सीलंटबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : सीलंटमुळे अ‍ॅल्युमिनियम ट्रेलरचे रिव्हेट व जोड खराब झाल्याबाबत

महोदय,

‘मेटल व अ‍ॅल्युमिनियम बॉडीसाठी’ असे ठळक छापलेले फटी बुजवण्याचे तुमचे पारदर्शक सीलंट मी नागपुरात इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून घेतले. ते जिथे जिथे लावले तिथे रिव्हेटच्या (पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्यांच्या) कडेने आता पत्रा गंजल्याची पांढरी भुकटी धरली आहे, आणि पहिल्याच जोराच्या पावसात छताच्या जोडातून पाणी आत आले. तुमच्या प्रतिनिधींची आजवरची उत्तरे मला मान्य नाहीत, म्हणून सगळे लेखी मांडते आहे.

उमरेडच्या बाजूला एका लिलावातून आम्ही सर्वेक्षण कॅम्पवरचा जुना ट्रेलर घेतला. राहण्याची सोय असलेला, पूर्ण अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा, गोलसर छताचा. अमेरिकेत १९३६ साली एअरस्ट्रीम कंपनीचा क्लिपर ट्रेलर ज्या पद्धतीने बांधला गेला, तीच याची पद्धत आहे : आत फासळ्या, वरून पत्रा आणि दोन्ही घट्ट धरणारे रिव्हेट. विमानाचे अंगही असेच बांधतात. माझे वडील हवाई दलात शीट मेटलच्या कामावर होते, त्यामुळे हे काम त्यांच्या हातातले. सैल झालेले रिव्हेट ड्रिलने काढून आम्ही नवे भरीव रिव्हेट मारले. बाहेरून बाबा रिव्हेट ठोकायची गन चालवायचे, आतून मी डॉली (ठोका झेलणारा जड ठोकळा) दाबून धरायची. त्यांचे वय पाहता हे काम ते पुन्हा करू शकतील असे मला वाटत नाही, आणि माझा राग मुख्यतः त्याचाच आहे.

रिव्हेट पक्का बसला म्हणजे पाणी अडले असे होत नाही. दोन पत्रे एकमेकांवर येतात तिथे आधी सीलंटचा थर द्यावा लागतो, रिव्हेटही सीलंटमध्ये बुडवून ओलाच मारावा लागतो. तो ठोकला की सीलंट भोकाच्या कडेपर्यंत दाबले जाते. नुसते वरून डोक्याभोवती फासलेले सीलंट फार दिवस टिकत नाही. आणि एकदा पाणी शिरले की ते शिरल्या जागी दिसत नाही. फासळीवरून उतरत ते तळाच्या प्लायवर साचते आणि प्लाय कुजल्यावरच लक्षात येते. म्हणून या कामात सीलंटची निवड ही रिव्हेटच्या निवडीइतकीच महत्त्वाची.

बाबांनी सीलंटचे नळकांडे हातात घेऊन पहिला प्रश्न हाच विचारला होता, की हे सुकते कशाने? नळकांड्यावर त्याचे उत्तर कुठेच नव्हते. म्हणून वापरण्याआधी मी त्यावरच छापलेल्या तुमच्या हेल्पलाइनला फोन केला. गाडी कोणती, पत्रा उघडा आहे, रंग किंवा अ‍ॅनोडायझिंग (धातूवर चढवलेला संरक्षक थर) नाही, रिव्हेट ओले मारायचे आहेत, हे सगळे सांगितले. ‘अ‍ॅल्युमिनियमवर बिनधास्त वापरा, मॅडम’ असे मला सांगण्यात आले. उन्हाळ्यात आम्ही संपूर्ण छत त्याच सीलंटने केले. काम करताना सिरक्यासारखा वास येत होता. त्याबद्दल पुन्हा फोन केला तेव्हा ‘वास दोन दिवसांत जातो’ एवढेच उत्तर मिळाले.

तो वास अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा होता. तुमचे हे सीलंट अ‍ॅसिटॉक्सी प्रकारचे सिलिकॉन आहे. हवेतल्या दमटपणाने ते सुकते आणि सुकताना हे आम्ल बाहेर टाकते. खिडकीच्या अ‍ॅनोडाइझ केलेल्या चौकटीत काच बसवायला ते चालते, कारण तिथे धातूवर संरक्षक थर असतो आणि आम्ल उडून जायला वाव असतो. दोन उघड्या पत्र्यांच्या फटीत आणि रिव्हेटच्या डोक्याखाली ते कोंडले जाते. ड्रिलने नुकत्याच उघड्या पडलेल्या कडांवर ते बसून राहते, आणि पांढरी भुकटी नेमकी तिथेच धरली आहे. सुकताना आम्ल न सोडणारे न्यूट्रल क्युअर सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेन सीलंट बाजारात मिळत असताना तुम्ही या कामासाठी हेच सुचवलेत.

आम्ही तक्रार केल्यावर तुम्ही जे तांत्रिक माहितीपत्रक पाठवलेत, त्यात ‘संवेदनशील धातूंवर वापरू नये, सुकताना अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड बाहेर पडते’ हे वाक्य बारीक अक्षरांत आहे. म्हणजे कंपनीला हे माहीत होते. मग नळकांड्यावर ते का नाही? ग्राहक दुकानात माहितीपत्रक मागत नाही, तो नळकांडे वाचतो.

तुमच्या प्रतिनिधींनी आधी पत्रा नीट साफ केला नसेल असे सुचवले. पत्रा अ‍ॅसिटोनने पुसल्याचे फोटो मी पाठवले, त्यावर काहीच उत्तर आले नाही. मग नागपूरच्या उन्हाचे कारण पुढे आले. नळकांड्यावर १५० अंशांपर्यंत टिकते असे छापून तुम्ही ते नागपुरात विकता, आणि इथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणे ही काही बातमी नाही. अ‍ॅल्युमिनियमचा ४ मीटर पत्रा हिवाळ्यातल्या १० अंशांवरून उन्हातल्या ६५ अंशांवर गेला तर सुमारे ५ मिलिमीटर लांबतो. जोडातल्या सीलंटने ही हालचाल सोसायची असते. इथे तर ते कडेने सुटून बोटाने ओढले तरी दोरीसारखे निघते.

सगळ्यात मोठे नुकसान पुढे आहे. सिलिकॉन काढले तरी त्याचा तेलकट पापुद्रा धातूवर राहतो आणि त्यावर दुसरे सीलंट धरत नाही, रंगही धरत नाही. ते खरवडून, घासून काढावे लागते, आणि रिव्हेटखालचे काढायचे तर रिव्हेटच काढावा लागतो. प्रत्येक वेळी ड्रिल केले की भोक थोडे मोठे होते आणि पुढच्या मापाचा रिव्हेट घ्यावा लागतो. जुन्या पत्र्याला हे किती वेळा सोसेल?

मला सीलंटची किंमत परत घेऊन विषय मिटवायचा नाही. छताचे रिव्हेट काढणे, पत्रा साफ करणे आणि योग्य सीलंटने पुन्हा बसवणे याची मजुरी व सामान कंपनीने द्यावे. अंदाजपत्रक सोबत आहे. नळकांड्यावर सुकण्याचा प्रकार आणि उघड्या धातूबद्दलचा इशारा मराठी व हिंदीत छापावा, आणि तो छापून होईपर्यंत ‘अ‍ॅल्युमिनियम बॉडीसाठी’ हे शब्द काढावेत. माझ्या म्हणण्यावर शंका असेल तर इथे वाडीला, अमरावती रोडवर, जवाहरलाल नेहरू अ‍ॅल्युमिनियम संशोधन केंद्र आहे. काढलेल्या पत्र्याचा तुकडा दोघांच्या सहीने सील करून तिथे तपासणीला देऊ. खर्च कंपनीचा. बाबांनी तुकडे जपून ठेवले आहेत.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे चुकीच्या वापराबद्दल पुरेसा इशारा न देणाऱ्या उत्पादकावर, त्या वस्तूमुळे दुसऱ्या मालमत्तेचे नुकसान झाले तर जबाबदारी येते. तक्रार मी राहते त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. १५ दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर मी नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. फोनवरचे उत्तर मी उत्तर धरणार नाही.

सोबत : बिलाची प्रत, नळकांड्याचे व छताचे फोटो, तुमच्या ईमेलच्या प्रती, दुरुस्तीचे अंदाजपत्रक.

आपली,
एक ग्राहक
प्रतापनगर, नागपूर