निर्णयसागरी अक्षर तपासायला शिकवलंत, त्याबद्दल

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार वि. वि.

मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या इतिहासावर टिपण लिहिताना मालकांची साखळी लावणं सोपं होतं. जावजी दादाजींनी १८६४ साली टाइप ओतायचा कारखाना काढला, १८६९ साली छापखाना. १८९२ साली ते वारले. मग तुकाराम जावजी, पुढे पांडुरंग जावजी. ही नावं पुस्तकांवर छापलेलीच आहेत. तिथले टाइप कोरणाऱ्या राणोजी रावजी आरूंचं कोरीवकाम मात्र अक्षरांतच शोधावं लागतं, आणि कसं शोधायचं ते तुम्ही ओतकामातल्या अनुभवाने समजावलंत. त्याचे हे जाहीर आभार.

नरम केलेल्या पोलादी कांबीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं (हाच पंच), दिव्याच्या काजळीवर धरून कागदावर ठसा बघायचा, पुन्हा कानस. मनासारखं उतरलं की लाल तापवून पाण्यात विझवायचं आणि परत हलकं तापवून गवती पिवळ्या रंगावर थांबायचं. हे दुसरं तापवणं चुकवलं तर पंच काचेसारखा तडकतो. जास्त झालं तर कडा बसतात. मग तो तांब्यात ठोकून मातृका, म्हणजे टाइप ओतायसाठी अक्षराचा खोलगट ठसा. ठोकल्यावर तांबं बाजूंना फुगतं, ते घासून खोली आणि सरळपणा जुळवण्यात खरा वेळ जातो, हे आम्हाला कुठल्याच लेखात मिळालं नव्हतं. मातृका जरा खोल राहिली की खिळा (ओतलेला एकेक टाइप) उंच होतो आणि कागदात रुततो. उथळ राहिली की अक्षर फिकं. जावजी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासायचे. असल्या मालकाला कानशीची किंमत वेगळी सांगावी लागली नसणार.

सगळ्यात उपयोगी पडली ती तुमची दोष ओळखायची रीत. एकच खोट त्या अक्षरात पानभर दिसली तर ती पंचाची किंवा मातृकेची. एकाच ठिकाणी दिसली तर तो एक खिळा दुखावलेला. शिरोरेघ दोन अक्षरांमध्ये तुटत असेल तर खिळ्यांच्या कडा झिजल्यात, नाहीतर रुंदी नीट ओतलेली नाही. अक्षर शाबूत पण मात्राच गायब, तर खिळ्याबाहेर डोकावणारा नाजूक भाग दाबाखाली मोडला. आणि बारीक रेघा अर्धवट भरल्या असतील तर ओतताना धातू किंवा साचा गार होता. टाइपचा धातू म्हणजे शिसं, अँटिमनी, कथील; तो पुन्हापुन्हा वितळवताना मळीबरोबर कथील-अँटिमनी निघून जातं, खिळे मऊ पडतात. म्हणून झिजीचा दोष कोरणाऱ्यावर घालायचा नाही, हे तुम्ही दोनदा बजावलंत.

‘टाइप सुबक होते’ हे मसुद्यातलं वाक्य आता काढलंय. त्या जागी प्रत्येक पानाचं भिंगाखालचं छायाचित्र आणि शेजारी ही तपासणी येईल. छापण्याआधी प्रत तुमच्याकडे पाठवतो, लाल पेन घेऊन बसा.

कळावे,
आपले नम्र,
टिपण तयार करणारे