एकट्याचा मंच, दोघांची गाणी

प्रिय मित्रा,

'एकट्याने कसं चाललंय?' असं तू विचारलंस. फोनवर 'मस्त' म्हणून मोकळा झालो असतो, पण तुला तसं उत्तर द्यायला जीभ वळत नाही. म्हणून लिहायला बसलो.

बँड मोडल्यावर पहिले तीन महिने मी आपलीच गाणी एकटा वाजवत होतो आणि ती पोकळ वाटत होती. माझाच आवाज कमी पडतोय, असं मी धरून चाललो. कारण वेगळंच होतं. तुझ्या बेस गिटारची जाड तार 41 हर्ट्झला बोलायची, माझ्या गिटारची 82 ला, म्हणजे एक सप्तक वर. तू गेलास आणि गाण्याखालची जमीनच गेली; मी आपला वरच्या वर कॉर्ड्स बडवत होतो. मग जाड तार एका स्वराने उतरवली, अंगठ्याने खर्ज धरायला शिकलो. पट्टीही बदलली. ड्रम्सच्या वर आवाज न्यायचा म्हणून आपण पांढरी 6 मध्ये ताणून गायचो. तेच आता एक स्वर खाली, पांढरी 5 मध्ये गातो आणि शब्द ऐकू येतात.

शब्द ऐकू यायला लागले तेव्हा कळलं, किती ओळी नुसत्या भरीच्या होत्या! बँडमध्ये कच्ची ओळ आली की ड्रम्सचा एक रोल तिला सांभाळून पुढे नेतो. एकट्याला तो आडोसा नाही. सहा गाणी पुन्हा लिहिली, दोन टाकून दिली. त्यातलं एक तुझ्या आवडीचं होतं, त्याचं वाईट वाटतं.

मोठ्या शहरात का जात नाहीस, हेही विचारलं होतंस. इथे ओपन माइकला, म्हणजे कुणीही मंचावर येऊन गावं अशा कार्यक्रमाला, येतात ती माणसं तीच ती, चाळीसेक, आणि त्यातली निम्मी स्वतः गाणारी. दौऱ्यावरच्या गायकाचं वर्ष दहा गाण्यांवर निघू शकतं, कारण समोर रोज नवे लोक. माझ्यासमोर दर महिन्याला तेच चेहरे. जुनं गाणं दुसऱ्यांदा चालतं, चौथ्यांदा नाही. त्यामुळे दर महिन्याला नवं गाणं लिहावंच लागतं. मला गीतकार या चाळीस जणांनी केलं, हे मी मनापासून सांगतो.

आणि ती माणसं खरं बोलतात. आमच्यातली एक गायिका एकदा म्हणाली, "तिसऱ्या कडव्यात तू स्वतःच्या दुःखावर खूश झालायस." दोन दिवस राग होता, मग कडवं काढलं. तिचा साउंडचेक मी करतो, माझा ती. वरच्या स्वराला मी माइकपासून मागे सरतो, हे तिला इतकं पाठ झालंय की तिचा हात आधीच फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणावर असतो.

आता कामाचं. 8 गाण्यांचा अल्बम करतोय. त्यातली तीन आपल्या दोघांची आहेत. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. रेकॉर्डिंगला 12 अक्षर-अंकांचा आयएसआरसी हा ओळख-क्रमांक मिळतो, पण तो त्या ध्वनिमुद्रणाचा. रचनेचे, म्हणजे शब्द आणि चालीचे, वाटे वेगळे नोंदवावे लागतात. हे आधी बोलून न घेतल्यामुळे दोन जिवलगांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय. आपलं तसं व्हायला नको. माझं म्हणणं असं: शब्द माझे, पहिल्या दोन चालींत तुझा निम्मा वाटा. तिसरी चाल तर तुझ्या बेसच्या तुकड्यातूनच निघाली, तिच्यात 70 टक्के तुझे. पटत नसेल तर आकडा तू लिहून पाठव, मी सही करतो.

त्या तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात मी 'परत' काढून 'पुढे' घातलंय. घरी बऱ्याचदा गाऊन पाहिलं, मला ते खरं वाटतं. पण तो शब्द आपण दोघांनी मिळून ठरवला होता. तुझं उत्तर येईपर्यंत मंचावर 'परत'च गातो.

तुझाच,
जुना जोडीदार