गोखल्यांना नसलेला अधिकार आणि आपलं गिलोटिन

मा. संसदीय कार्यमंत्री, भारत सरकार, यांस,

स. न. वि. वि.

सरकारी खर्चाच्या मागण्या लोकसभेत चर्चेविना मंजूर होतात, त्याबद्दल हे पत्र आहे. खर्चाची गोष्ट असूनही ते अर्थमंत्र्यांना नाही, आपल्याला लिहितो आहे. लोकसभेत सरकारी कामकाजाला कोणता दिवस, किती तास, याची आखणी आपलं खातं करतं आणि दुखणं तिथंच आहे.

राज्यघटनेच्या कलम ११३ नुसार, भारित खर्च (म्हणजे ज्यावर मतदान होत नाही तो) वगळता, सरकारचा सगळा खर्च अनुदानाच्या मागण्या म्हणून लोकसभेपुढे येतो. सभागृह मागणी मंजूर करू शकतं, नाकारू शकतं, कमी करू शकतं. वाढवू मात्र शकत नाही. धोरणच अमान्य असेल तर मागणी एक रुपयावर आणण्याची कपात सूचना खासदार देऊ शकतो. हे मतदान राज्यसभेच्याही वाट्याला नाही.

आमच्या फर्ग्युसनचे प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले १९०२ साली कलकत्त्याच्या कायदे मंडळात पहिल्यांदा अर्थसंकल्पावर बोलले, तेव्हा त्यांना बोलायची मुभा होती, मताची नव्हती. तरी व्हाइसरॉयसमोर उभं राहून त्यांनी शिलकी अर्थसंकल्पाचं कौतुक करायला नकार दिला. ही शिल्लक म्हणजे गरिबाकडून गरजेपेक्षा जास्त घेतलेला कर आहे, असा त्यांचा मुद्दा. मिठावरचा कर कमी करा, हे त्यांनी आकडे मांडून सांगितलं. १९०३ मध्ये तो मणामागे अडीच रुपयांवरून दोनवर आला. एकट्या गोखल्यांमुळे आला असं मी म्हणणार नाही.

आता मत आहे, पण बोलणं उरलेलं नाही. लोकसभेच्या नियम २०८ प्रमाणे शेवटच्या दिवशी ठरल्या वेळी अध्यक्ष उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकतात. हेच ते गिलोटिन. काही मागण्या अशा जाणं समजू शकतं. पण २०१३, २०१८ आणि २०२३ मध्ये सगळ्याच मागण्या चर्चेविना गेल्या. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत लिफ्टच्या दुरुस्तीवर याहून जास्त वेळ भांडण होतं, आणि झालंच पाहिजे, पैसे आमचे असतात!

गोंधळ विरोधकांनी घातला, असं आपण म्हणाल. २०१३ मध्ये सरकार दुसऱ्यांचं होतं आणि तेही हेच म्हणत होते. २०२३ मध्ये तर सत्ताधारी बाकांवरूनही घोषणा चालू होत्या. १९९३ पासून खासदारांच्या स्थायी समित्या मागण्या तपासतात, हे खरं. पण त्या शिफारस करतात, मत देत नाहीत.

तेव्हा पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात एवढं करावं: शेती, शिक्षण आणि आरोग्य या तीन मागण्या गिलोटिनखाली जाणार नाहीत, असं सभागृहाच्या वेळेची वाटणी ठरवणाऱ्या कामकाज सल्लागार समितीत आधीच ठरवून घ्यावं. चौथं मंत्रालय विरोधकांना निवडू द्यावं. गोंधळात दिवस वाया गेला, तर अधिवेशन तेवढं लांबवावं.

आपला,
पुण्यातील एक मतदार