सवय होऊ देऊ नकोस

प्रिय चिऊ,

हॉस्टेलची खोली मिळाली आणि गादी विकत घ्यावी लागली, हे पप्पांकडून कळलं. माझ्याशी फोनवर तू जेवढ्यास तेवढं बोललीस. रविवारी चर्चमधून, मिस्सेहून आल्यावर जेवताना गर्भपातावरून जे झालं तो विषय मी परत काढणार नव्हते. पण तू आता गायनॅकची डॉक्टर होणार, आणि मला झोप येत नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी हे सांगते की मला तुझा फार अभिमान आहे. हरेगावच्या कारखान्यात उसाच्या गाड्या मोजणाऱ्या माणसाची नात एमएस करते आहे. सीट मिळाल्याचं कळलं तेव्हा पप्पांनी वडगावशेरीत ओळखीच्या आणि बिनओळखीच्यांनाही पेढे वाटले. आजी असती तर सप्टेंबरमध्ये हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेत सगळ्या श्रीरामपूरला सांगत फिरली असती.

तू म्हणालीस, "तुमचा धर्म तुमच्यापाशी, कायदा सगळ्यांसाठी." ते मला पटतं. २०११ च्या जनगणनेत या देशात आपण ख्रिस्ती शंभरात अडीचसुद्धा नाही. आपली श्रद्धा कोणावर लादायची नाही, हे आपल्या चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेच १९६५ साली सांगून ठेवलं आहे. संत थॉमस अक्वायनस तर तेराव्या शतकात लिहून गेले की माणसाचा कायदा प्रत्येक पापाला हात घालत नाही. पण त्याच ठिकाणी ते म्हणतात, ज्यात दुसऱ्याचं नुकसान होतं ते कायद्याने रोखायला हवं. पोटातलं बाळ हे 'दुसरं कोणी' आहे की नाही, आपलं भांडण तेवढ्यावरच आहे. त्यासाठी मला जपमाळ पुढे करायची गरज नाही. पहिल्या वर्षाला असताना एम्ब्रिऑलॉजीची, गर्भाच्या वाढीची, चित्रं तूच मला दाखवायचीस. आठव्या आठवड्याला हाताची बोटं सुटी होतात, हे मला तुझ्याकडूनच कळलं. तेव्हा तुझा चेहरा कसा झाला होता ते मी पाहिलं आहे.

मला भीती वाटते ती सवयीची. पहिल्या वेळी तुझा हात थरथरेल, ते मला ठाऊक आहे. विसाव्या वेळी थरथरणार नाही, आणि माझी झोप त्यानेच गेली आहे.

सविता हलप्पनवारचं नाव तू काढलंस आणि पप्पा ताटावरून उठून गेले. त्यांना राग आला असं तुला वाटलं असेल. ते मागे गॅलरीत जाऊन रडत होते. बेळगावकडची आपल्याच भागातली पोर, आयर्लंडमध्ये डेंटिस्ट. गर्भ वाचणार नाही हे कळलेलं असूनही ठोके चालू आहेत म्हणून तिथले डॉक्टर थांबून राहिले, आणि २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये ती सेप्सिसने, अंगभर पसरलेल्या संसर्गाने, गेली. २०१८ मध्ये त्या देशाने मतदान करून गर्भपात अडवणारी घटनाच बदलली. आईच्या गंभीर आजारावर उपचार करताना बाळ दगावलं तर ती हत्या नाही, अशीच चर्चची शिकवण आहे. ते मी तुला सांगू लागले आणि माझा आवाज बसला, कारण त्या खाटेवर मला तू दिसलीस. अशी कोणी तुझ्यापुढे आली तर थांबू नकोस. कोणाला विचारत बसू नकोस, मलाही नाही. आपल्या कायद्यातही जीव वाचवायची तातडी असेल तर आठवड्यांची आणि दोन डॉक्टरांच्या मताची अट आड येत नाही, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

पण रोजच्या ओपीडीत येणाऱ्या सगळ्या सविता नसतात.

मोठ्या मावशीचं तुला अर्धंच माहीत आहे. दोन मुलींवर तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा पोटात मुलगा की मुलगी हे तपासण्यावर बंदी आणणारा महाराष्ट्राचा १९८८ चा कायदा अजून यायचा होता. मुलगी आहे म्हटल्यावर सासऱ्यांनी तिला दवाखान्यात नेलं. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्याप्रमाणे बाईची संमती लागते, ती तिच्या सहीने घेतली. सही तिचीच होती, चिऊ. कागदावर सगळं कायदेशीर होतं. तुम्ही ज्याला निवड म्हणता ती त्या दिवशी खोलीत कोणाची होती? देवाने येशूच्या आईला, मरियेलासुद्धा विचारलं होतं आणि तिच्या होकारासाठी थांबला होता. माझ्या बहिणीला कोणी विचारलं नाही.

आणि आमच्यातल्यांनी काय केलं, तेही ऐक. गावातल्या एका फादरांनी तिला असं काही सुनावलं की ती त्यानंतर अनेक वर्षं मागच्या बाकावर बसली, कम्युनियनला, ख्रिस्तप्रसाद घ्यायला, उठली नाही. भीतीपोटी, जबरदस्तीने जिच्या हातून घडलं तिला चर्चच्या कायद्यातली ती आपोआप लागणारी बहिष्काराची शिक्षा लागतच नाही, हे तिला कोणी सांगितलं नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या पत्रात अशा बायांना उद्देशून लिहिलं होतं की आशा सोडू नका, पिता क्षमा करायला वाट पाहतो आहे. ते तिच्यापर्यंत पोहोचलंच नाही. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोणत्याही फादरांना हे पाप क्षमा करता येईल असं कायमचं करून टाकलं, तेव्हा मी तिला रामवाडीला पापनिवेदनाला घेऊन गेले. बाहेर आल्यावर म्हणाली, "आता तिसरीचं नाव ठेवू का गं?"

म्हणून तू कोणावर ओरडू नकोस. लग्न न झालेली येईल, नवऱ्याने मारलेली येईल, शाळेतली येईल. तिला खुर्ची दे, बरोबरच्यांना बाहेर बसव आणि एकटीला विचार, बाई, तुला स्वतःला काय हवंय? एवढं तर कायदाही सांगतो आणि चर्चही. तिने नंतर काय ठरवलं ते तुझ्या हातात नाही. तुझे हात मात्र तुझ्या हातात आहेत. त्याच १९९५ च्या पत्रात म्हटलं आहे की अशा कामात सहभागी व्हायला नकार देणं हे कर्तव्य आहे. आपल्या कायद्यात नकार देणाऱ्या डॉक्टरसाठी वेगळं कलम नाही, म्हणून तू आधीच, ड्युटी लिस्ट लागायच्या आत, मॅडमना लेखी दे. सीनियर काहीबाही बोलतील. रात्री-अपरात्री तुलाच बोलावतील. तीन वर्षं तुला हेच करायचं आहे, आणि मला परत तीच सवयीची भीती...

झालं, परत भाषण सुरू झालं माझं. चुकलं. तू मोठी आहेस, तुझा विवेक तुझ्यापाशी आहे. तिथे देव तुझ्याशी एकटीशी बोलतो आणि तिथे मलाही यायची परवानगी नाही. हे माहीत असूनही मी दार वाजवत बसते.

मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी पप्पा कुरियरने पाठवत आहेत. रात्रपाळीत काही खाल्ल्याशिवाय राहू नकोस, तुझं ॲसिडिटीचं सुरू होतं. तिथे नागपुरात सदरला सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल आहे. तू जाशील की नाही ते मी विचारणार नाही. रविवारची मिस्सा किती वाजता असते, तेवढं मात्र चौकशी करून कळव.

तुझी,
मम्मी